उसना अंधार

पटकथेच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं: रात्र.
आणि केमीत तेव्हा जून होता.
रात्रीचे बारा, तरी समोरच्या बाल्कनीत एक म्हातारी
गॉगल लावून बटाटे सोलत बसलेली.
खून दिवसाढवळ्या करायचा नव्हता आम्हाला,
पण इथे मध्यरात्रसुद्धा दिवसाढवळ्याच.

साम्प्सा म्हणाला, जानेवारीपर्यंत थांबू या,
तेव्हा रात्र फुकट मिळते, हवी तेवढी.
कॅमेरा मात्र तीस जूनला शाळेत परत द्यायचा होता.

मग अंधार घरीच करायला घेतला.
कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, एकोणसत्तर,
साम्प्साच्या भाड्याच्या खोलीच्या खिडक्यांना, दाराच्या फटींना,
टपाल टाकायच्या झडपेलासुद्धा.
तरी कुठून तरी सुईएवढं ऊन आत यायचंच,
चहाडी करायला आल्यासारखं.
प्रकाशयोजना माझ्याकडे.
लोक एकमेकांना विचारतात, काय उजेड पाडलास?
मला विचारायचे, किती अंधार पाडलास?

पिझ्झाच्या खोक्यांच्या पट्ट्या कापून दिव्यापुढे धरल्या
तर भिंतीवर अख्खा तुरुंग उमटला.
तुरुंगाला चीजचा वास.
धुराचं यंत्र पाच मिनिटांत खोकून मेलं.
लीबान तळघरात गेला, सौनाच्या तापल्या दगडांवर बादलीभर पाणी ओतलं,
दार सताड उघडलं,
आणि जिन्यात असं काही धुकं चढलं
की चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ टॉवेल घेऊन खाली आले.

इंकेरीला काळ्या हातमोज्यातून पिस्तूल काढायचं होतं.
ती म्हणाली, ही बाई दगा का देते?
साम्प्सा म्हणाला, या प्रकारात देतेच.
कोणाला विचारून?
यावर आम्ही सगळे वायरी गुंडाळू लागलो.
तिने दिला दगा, सात टेकमध्ये सात वेळा,
आणि आम्हाला तो पटला
कारण तिला तो शेवटपर्यंत पटलेला नव्हता.

गुप्तहेर म्हणून आउलिस.
एकतीस वर्षं कागदाच्या गिरणीत, रोलरवर.
गिरणी बंद झाली त्याला आता काही वर्षं झाली,
कागदाचा दर विचारला तर तो अजून वर्तमानकाळात सांगतो.
जुन्या बाजारातली टोपी, चार युरोची, त्याला दोन बोटं मोठी.
वाक्य एकच:
“सगळ्या गावाला माहीत होतं. मला शेवटी कळलं.”

पहिला टेक पाठ केल्यासारखा.
दुसऱ्यात टोपी नाकावर आली.
तिसऱ्यात, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी,
तो “सगळ्या गावाला” म्हणाला
आणि खिडकीवरची चिकटपट्टी सुटली.

पिशवी गळून पडली.
ऊन थेट तोंडावर. पट्ट्या पुसल्या गेल्या,
तुरुंग गेला, रात्र गेली,
राहिला दाढी न केलेला एक माणूस
आणि त्याच्या समोर, खाडीपलीकडे, धूर नसलेली चिमणी.
त्याने डोळे मिटले नाहीत.
“माहीत होतं,” तो म्हणाला, चिमणीकडे बघत.
पुढचं वाक्य तो विसरला, की त्याने ठेवून घेतलं,
कोण विचारणार?
थांबा म्हणायचं काम माझं होतं.
मी पिशवी हातात घेऊन उभी होते.

बाईंनी पाहून सांगितलं, हा शॉट जळलाय.
छाया कुठेय? नियम कुठेयत?
जळला होता हे खरंच.
साम्प्साने तो शेवटी लावला आणि नावं त्याच्यावरच चढवली.

नोव्हेंबरात अंधार रीतसर आला,
दुपारी तीनला, कोणीही न बोलावता.
अनामत रक्कम परत मिळावी म्हणून
मी आणि साम्प्सा काचेवरचा डिंक सुरीने खरवडत होतो.
खालून आउलिस चालला होता, हातात दुधाचे दोन पुडे,
दिव्याखालून दिव्याखाली,
त्याची सावली आधी मागे, मग पायाशी, मग पुढे.
असं मला एकदाही जमलं नव्हतं.

टोपी त्याने अजून परत केलेली नाही.
आता ती त्याला बसते.